शिवणखोलीतलं गणित

निवृत्त मास्तरीण गप्पांना बसली की घरच्यांनी तिच्यापुढे चहा ठेवावा आणि आपापल्या कामाला लागावं, असं माझा भाचा म्हणतो. त्याचं बरोबरच आहे. पण मी तरी काय करू? किस्से कुणी ठरवून जमवत नाही. खडूची पूड कितीही झटकली तरी लुगड्यात राहतेच, तसे हे राहून जातात.

माझे बरेचसे किस्से एकाच खोलीतले आहेत. धुळ्यातल्या एका मुलींच्या शाळेत, मागच्या अंगाला, विहिरीकडे तोंड असलेली शिवणाची खोली. मी मूळची पहूरची. लहानपणीच विधवा झाले, थोरल्या भावाने हट्टाने ट्रेनिंगला घातलं, आणि इंग्रज सरकार चांगलं जागेवर होतं तेव्हाच माझ्या हातात कात्री आणि हजेरीपट आला. शाळेत सगळे मला शिवणबाईच म्हणत.

पण सांगायच्या आहेत त्या गोष्टी शिवणाच्या नाहीत. गणिताच्या आहेत!

*

आमच्या शाळेत गणिताला नानामास्तर होते. बायकांच्या शाळेत एकटे पुरुष, पण वय झालेलं, म्हणून चालून जायचं. पावकी, निमकी, पाऊणकी, अडीचकी, अपूर्णांकांचे सगळे पाढे त्यांच्या जिभेवर. खांद्यावर उपरणं आणि हातात रूळ. पाढा चुकला की रूळ, बोटं मोजताना दिसली की दोन रूळ.

एका वर्षी सात मुली गणितात फेल झाल्या. काही तर तिसऱ्यांदा. तिसरीपासून सहावीपर्यंतच्या होत्या. गंमत म्हणजे बाकी विषयांत कुणी मागे नव्हती. एकीचं अक्षर तर असं, की हेडबाईंनी तिचा कित्ता भिंतीवर लावला होता. फक्त आकडे आले की सगळं गडगडायचं. आता याला म्हणे नाव आहे. माझी भाचसून पुण्यात शिक्षिका आहे, ती सांगते. तेव्हा एकच नाव होतं : ढ.

नाना हेडबाईंना म्हणाले, "या सातजणींच्या डोक्यात आकडा शिरतच नाही. तीन वर्षं मारून पाहिलं. नावं काढून टाका. घरी भाकऱ्या तरी शिकतील."

हेडबाई शांतपणे म्हणाल्या, "मारून तीन वर्षं पाहिलं ना? आता न मारता एक वर्ष पाहू."

आणि त्यांनी मला बोलावलं! "शिवणबाई, उद्यापासून शेवटचा तास या सातजणी तुमच्याकडे. गणित शिकवायचं. वर्षभर बघू. नाही जमलं तर नाना म्हणतात तसं करू."

मी हातच जोडले. म्हटलं, "अहो बाई, मलाच गणित येत नाही! मी अजून पदराखाली बोटं मोजते!"

हेडबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणूनच!" त्या म्हणाल्या.

*

पहिल्याच दिवशी मी द्वारकाला पाटीवर पंचवीस लिहायला सांगितले. द्वारका शेतकऱ्याची मुलगी, शाळेसाठी धुळ्यात मावशीकडे राहायची. अंगाने दणकट, बोलायला एकदम खडखडीत. तिने लिहिले बावन्न.

मी म्हटलं, "हे बावन्न झाले. मी पंचवीस सांगितले."

तिने पुन्हा लिहिले. पुन्हा बावन्न.

नानांकडे असतं तर रूळ बसला असता. माझ्याकडे रूळ नव्हता, म्हणून मी विचारलं, "असं का लिहितेस गं?"

द्वारका म्हणाली, "बाई, तुम्हीच आगोदर पाच सांगतस, मंग वीस. मी तुमना मांगे मांगेच लिखस!"

म्हणजे आपणच आधी पाच म्हणतो आणि मग वीस. ती बिचारी आपल्या मागोमाग लिहीत होती! पंच-वीस. मी दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. पोरीचं काय चुकलं, ते मला सांगता येईना.

मग मी विहिरीपलीकडे रचलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, ढिगातून काड्या आणवल्या. दहा-दहाच्या जुड्या सुतळीने बांधल्या. पंचवीस म्हणजे काय? दोन जुड्या, पाच सुट्या. आधी जुड्या लिहायच्या, मग सुट्या. दोन महिने आम्ही आकड्यांची नावंच टाकून दिली. आमच्या खोलीत चौऱ्याऐंशी नव्हतेच, आठ जुड्या चार सुट्या होत्या. द्वारका पंचवीस लिहायला लागली. हळू लिहायची, पण लिहायची.

हे सगळं मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, "काहीतरीच! पंचवीस म्हणजे पंचवीस. त्यात आधी काय आणि मग काय!"

पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पाहिलं, तर नाना व्हरांड्यात एकटेच उभे होते आणि स्वतःशी पुटपुटत होते, "पंच... वीस. सत्ता... वीस. च्यायला!"

*

नानांना आमच्या खोलीचं कुतूहल होतं, पण ते कबूल कसं करणार? एकदा म्हणाले, "इन्स्पेक्शनला आलोय." आणि आत येऊन खुर्चीवर बसले.

समोर कस्तुरी होती. भिंतीवर कित्ता लागला होता, ती हीच. हात अगदी हलका. कापड एकदा पाहिलं की टेप न लावता बरोब्बर कापायची. पण कागदावर पाव-अर्धा दिसला की चेहरा उतरायचा.

नाना म्हणाले, "सांग, पावाचा निम्मा किती?"

कस्तुरी कोरीच पाटी पुसायला लागली.

मी म्हटलं, "कस्तुरी, कापड घे."

त्या दिवशी नेमकं कापड संपलं होतं. कस्तुरीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि नानांच्या खांद्यावरचं उपरणं अलगद उचललं! आम्ही बघतच राहिलो. तिने ते टेबलावर पसरलं, मधोमध घडी घातली. "हे अर्धं." आणखी एक घडी. "हा पाव." आणखी एक. "हा पावाचा निम्मा. असे आठ झाले की अख्खं उपरणं."

नाना म्हणाले, "आठ कशावरून?"

कस्तुरीने कात्री उचलली. "कापून दाखवू?"

"नको! कळलं! कळलं!" नानांनी उपरण्यावर झडपच घातली.

वर्ग असा हसला की शेजारच्या चौथीतल्या बाई धावत आल्या.

*

आता एक किस्सा माझ्याच विरुद्ध जाणारा. पण तोही सांगायला हवा.

ही कस्तुरी सोमवारी सातचा पाढा घडाघडा म्हणायची. मंगळवारी विचारलं की पाटी कोरी. बुधवारी पुन्हा शिकवायचा, गुरुवारी पुन्हा कोरी. असं सहा आठवडे चाललं. एका गुरुवारी माझा तोल गेला. "अगं, काल येत होतं ना?" म्हणत मी तिच्या पाठीत धपाटा घातला.

ती रडली नाही. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "नाना लगेच मारतात, बाई. तुम्हाला उशीर लागला."

त्या दिवशी मला सुईत दोरा ओवता येईना.

दुसऱ्या दिवशी मी सगळे पाढे मोठ्या कागदावर लिहिले आणि भिंतीला चिकटवले. मुलींना सांगितलं, "पाठ होत नाहीत ना? मग पाहून म्हणा. उदाहरण करताना पाहायचं, खुशाल पाहायचं."

नानांच्या कानावर गेलंच. ते तडक आले. "बाई, ही तर राजरोस चोरी!"

मी म्हटलं, "नाना, तुम्ही वाचताना चष्मा लावता, ती चोरी का?"

नाना निघाले. पण जाताना दारातून मागे वळून, चष्मा लावून, त्यांनी तो कागद पाहिला. चष्म्याविना कुठलं दिसायला!

*

सातातली एक चंपा. तिच्या वडिलांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं, पिढ्यांमागे राजस्थानातून आलेलं घर. चंपा गणितात कच्ची आहे यावर गावात कुणाचा विश्वासच बसत नसे. लोक हसून म्हणायचे, "शेठजींची पोर आणि गणितात फेल?" तिला याचंच जास्त लागायचं. द्वारका फेल झाली तर कुणी हसत नव्हतं ना!

एक दिवस शेठजी स्वतः शाळेत आले. माणूस सभ्य. दाराबाहेर जोडे काढून आत आले, सतरंजीवर बसले. पण मनातून फार दुखावलेले.

"बाई, तुम्ही हिला या वर्गात बसवलं. लोकांत बोभाटा झाला. उद्या लग्नाचं बघायला गेलो तर काय सांगू?"

मी म्हटलं, "सांगा, मुलगी कष्टाळू आहे आणि शिकते आहे."

ते म्हणाले, "तसं नव्हे, बाई. आमच्या घराण्यात हे कधी झालंच नाही. सात पिढ्यांत नाही!"

मी सहज विचारलं, "सात पिढ्यांचं तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत नाही म्हणजे? हे बघा ना. माझे वडील, त्यांचे वडील, त्यांचे वडील ते राजारामजी..." असं म्हणत शेठजी अंगठ्याने एकेक पेर मोजायला लागले.

कोपऱ्यात मान खाली घालून बसलेली चंपा एकदम उभी राहिली. चेहरा असा फुललेला!

"बाई!" ती ओरडली, "बाबूजी बोटं मोजतात!"

शेठजींचा अंगठा चौथ्या पेरावर थबकला. मग ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. चंपा वर्गातच राहिली.

*

पुढच्या वर्षी सातच्या चौदा झाल्या. आणि चौदा झाल्या म्हणून बोभाटाही वाढला. कुणीतरी वर कळवलं, की अमुक शाळेत शिवणाच्या खोलीत, शिवणाच्या बाई, टाइम-टेबलात नसलेलं गणित शिकवतात. झालं! डिप्टीसाहेब तपासणीला येणार असा निरोप आला.

डिप्टीसाहेब म्हणजे शाळा तपासणारे सरकारी अधिकारी. ते वर्ग बंद करा म्हणाले की बंद. हेडबाईंना आठवडाभर जेवण गेलं नाही. मला मात्र आतून वाटत होतं, आपलं काही चुकलेलं नाही. बंद करतील तर करोत, पण आधी डोळ्यांनी बघू देत!

साहेब आले. करड्या मिश्या, हसणं माहीत नसलेला चेहरा. काड्यांच्या जुड्या उचलून पाहिल्या, भिंतीवरचे पाढे वाचले. मुलींना एकेक उदाहरण घातलं. मुली सावकाश करत होत्या. जुड्या मांडत, कागदाकडे बघत. साहेबांनी दोनदा घड्याळ काढून पाहिलं. उत्तरं बरोबर आली, पण साहेबांचा चेहरा होता तसाच.

मग त्यांनी शेरेबुक मागवलं. द्वारका दौत धरून शेजारी उभी. साहेबांनी लिहायला सुरुवात केली आणि द्वारका वाकून बघायला लागली. मी डोळ्यांनी दटावत होते, पण ती कसली ऐकते!

"साहेब," ती म्हणाली, "हे एक्केचाळीस झाले. आम्ही चौदा शेतस."

साहेबांनी लिहिलं होतं, 'हजर मुली ४१'.

हेडबाईंचा चेहरा पांढरा फटक. साहेब त्या आकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो खोडला, १४ लिहिला, आणि द्वारकाला विचारलं, "तुझ्या कसं लक्षात आलं?"

"मी रोज हेच करस, साहेब!"

साहेबांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. मग खाली मान घालून त्यांनी शेरा पुरा केला. 'वर्ग उपयुक्त आहे. चालू ठेवावा.'

आम्ही त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो. हेडबाई जरा पुढे गेल्या, तेव्हा साहेबांनी मला हळूच थांबवलं. आवाज अगदी खाली आणला.

"बाई, एक विचारू? ते एकोणऐंशी लिहायचे असतात, तेव्हा तुम्ही मुलींना नेमकं काय सांगता?"

*

कस्तुरी सातवीच्या फायनलला बसली. व्हर्नाक्युलर फायनल म्हणायचे तिला. पास झालेल्या मुलीला मास्तरीण होता येई. कस्तुरीच्या घरी बाप नव्हता, आई शिवण करून घर चालवायची. या परीक्षेवर सगळं होतं. बाकी विषयांची चिंता नव्हती. गणितात तेहतीस हवे होते.

परीक्षा देऊन ती मामाकडे अमळनेरला गेली. तिकडेच तिला निकाल कळणार होता. आम्ही इकडे वाट बघत होतो. नाना तर रोज पोस्टमनला विचारायचे, "शिवणबाईंचं काही?" माझं पत्र, आणि घाई नानांना!

एक दिवस कार्ड आलं. कस्तुरीचं मोत्यासारखं अक्षर. 'ती. बाईंस सा. न. वि. वि. निकाल लागला. गणितात ३३.'

मी किंचाळलेच. हेडबाई धावत आल्या, दोघी-तिघी मुली आल्या. नानांनी मात्र हात वर केला.

"थांबा! आकडा कुणी लिहिलाय? कस्तुरीने. त्या खोलीतल्या मुली आकडे उलटे लिहितात. आधी उलटून वाचा!"

मी ते कार्ड पुन्हा डोळ्यांजवळ नेलं आणि शेवटच्या आकड्यापासून वाचलं.

"नाना," मी म्हटलं, "उलटून वाचलं. तेवढेच आहेत!"

त्या दिवशी नानांनी स्वतः सगळ्या शाळेला पेढे वाटले. प्रत्येकीला किती, ते मोजायला त्यांनी चंपाला बसवलं.

*

पिंपळनेरकडच्या एका खेड्यातून सुंदर नावाची मुलगी आमच्याकडे आली होती. शाळेजवळच्या ओळखीच्या घरी राहायची. दिवस कापूस वेचणीचे होते, त्यामुळे निम्म्या मुली गावी गेलेल्या. त्या दिवशी वर्गात आठजणीच होत्या. दुपारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, उन्हाने रापलेला चेहरा, पायांत धूळ. सुंदरची आई होती ती. पोरीला वेचणीसाठी घरी न्यायला आली होती.

"मनी अंडेर आठेच शे ना, बाई?" तिने विचारलं. आपली मुलगी इथेच आहे ना, असं.

मी म्हटलं, "आहे ना, अक्का. आत या. तास संपेपर्यंत बसा."

ती दाराशीच टेकली. तास चालू होता. मुली जुड्या सोडत होत्या, बांधत होत्या. एक चुकली, तिने पुन्हा मांडलं. दुसरी बोटं मोजत होती. तिसरी भिंतीवरच्या कागदाजवळ जाऊन पाढा पाहून आली. कुणी कुणाला हसत नव्हतं. सुंदरने चार वेळा चुकून पाचव्यांदा बरोबर उत्तर सांगितलं आणि आईकडे बघून हसली.

तास संपला. मुली पाट्या आवरायला लागल्या. सुंदरने आपलं बोचकं उचललं. आई मात्र उठेना.

"चाल ना, माय," सुंदर म्हणाली.

आई माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, या बठ्ठ्या पोरी आश्याच शेतस का?"

"अशा म्हणजे?"

"मोजता मोजता हरायी जातीस, तश्या."

मी म्हटलं, "हो. मोजता मोजता हरवणाऱ्याच, सगळ्याजणी."

ती खाली बघत बोलायला लागली. हळू, थांबत थांबत. सासरी भाकरी थापताना तिचं मोजणं चुकून जायचं. बारा सांगितल्या की कधी नऊ व्हायच्या, कधी पंधरा. कळशा मोजता यायच्या नाहीत, वार मोजता यायचे नाहीत. "सासू माले याडी म्हने," ती म्हणाली. "बठ्ठा हासेत. माले वाटे, आशी मी एकलीच शे."

सुंदर आईकडे नुसती बघत राहिली. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

मग ती बाई उठली. माझ्याकडे परवानगी मागितल्यासारखं एकदा पाहिलं आणि पहिल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"एक."

दुसरीच्या डोक्यावर. "दोन."

मुली हालचाल न करता बसून राहिल्या. ती ओळीने पुढे सरकत होती. पाचवरून सहावर जाताना अडली, मागे आली, पाचवीच्या डोक्यावर पुन्हा हात ठेवला, आणि पुढे गेली. सहा. सात. शेवटी सुंदर. "आठ."

ओळ संपली होती. ती क्षणभर थांबली. मग तिने सुंदरच्या शेजारी सतरंजीवर बसकण मारली, पदर सारखा केला, आणि हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"नऊ," ती म्हणाली.